प्रतीक्षायादीवरून पत्र लिहावं का?

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचे प्रवेश वर्षभर चालतात. मे-जूनमध्ये मुख्य अर्ज, उन्हाळाभर प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध, मग हिवाळा संपेपर्यंत मुलाखती. एवढं झालं तरी मुलांचं लिहिणं संपत नाही. मुलाखतीनंतर आभाराचं पत्र असतं. दोन-तीन महिन्यांनी, मधल्या काळात काय नवं केलं ते कळवणारं पत्र असतं. आणि नाव प्रतीक्षायादीत अडकलं, की ‘तुम्ही घेतलंत तर मी नक्की तुमच्याकडेच येईन’ असं लिहून देणारं पत्र. या शेवटच्या प्रकाराला ‘लेटर ऑफ इंटेंट’ म्हणतात, आणि त्यावरून यंदा मिशिगनमधल्या आमच्या घरात चांगलीच जुंपली. एका बाजूला माझी मुलगी, इथेच वाढलेली आणि सध्या दोन कॉलेजांच्या प्रतीक्षायादीवर. दुसऱ्या बाजूला माझी थोरली बहीण. महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात तिने उभी हयात पॅथॉलॉजी शिकवली, आता निवृत्त होऊन हिवाळ्यात (हिवाळ्यातच!) आमच्याकडे राहायला आली आहे. दोघी एकमेकींच्या लाडक्या असल्यामुळे कुणी कुणाला सोडत नव्हतं. जिथे मला राहवलं नाही तिथे मी कंसात बोलले आहे.

मावशी : तुझं पत्र वाचलं. इंग्रजी छान आहे. पण ते पाठवायचं कशाला, हे काही मला कळलं नाही. तुझे गुण त्यांच्याकडे आहेत, निबंध आहेत, शिफारसपत्रं आहेत. समोर बसवून मुलाखत घेतली. आता निर्णय त्यांनी करायचा. पुन्हा दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे...

भाची : लाचारी?

मावशी : तू म्हणालीस. मी नाही.

भाची : तुझ्या डोक्यात जी पद्धत आहे ना, तिच्यात पत्राला जागाच नाही, म्हणून तुला तसं वाटतं. नीटचे 720 पैकी गुण, गुणांवरून क्रमांक, क्रमांकावरून कॉलेज. तिथे पत्र लिहिणाऱ्याला लोक हसतील. इथेही परीक्षा आहे, एमकॅट. गुण 472 पासून 528 पर्यंत. पण तेवढ्यावर कुणी घेत नाही आणि तेवढ्यावर कुणी सहसा नाकारतही नाही.

मावशी : मला गुणांचीच पद्धत आवडते, आणि का ते ऐक. आमच्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या गुणांची यादी फळ्यावर लागायची. वडील शेतकरी असोत की कलेक्टर, यादी एकच. पुढे मी परीक्षक झाले तेव्हा चिठ्ठ्या यायला लागल्या. ‘मुलगा आपल्यातला आहे, जरा बघा.’ चिठ्ठी घेऊन येणारा माणूस फार नम्र असायचा, चहाही घ्यायचा नाही. 1986 साली मुंबई विद्यापीठाच्या एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणावरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं होतं. आम्ही तेव्हा तरुण होतो. त्या दिवसापासून निकाल देणाऱ्याच्या टेबलावर कसलाही कागद आला की माझ्या कपाळाला आठी पडते.

भाची : आणि 2024 ला काय झालं? जूनमध्ये नीटचा निकाल लागला तेव्हा 67 जणांना 720 पैकी 720! कुठे पेपर फुटला होता, कुठे वाढीव गुण दिले होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, सुधारित निकाल आला तेव्हा त्या 67 मधले 17 उरले. फळ्यावरची यादी दिसते तेवढी स्वच्छ असतेच असं नाही.

मावशी : लाज वाटण्यासारखंच होतं ते. पण पेपर फुटला तर ती चोरी, आणि चोरी पकडता येते. इथे ‘या मुलीत आम्हाला काहीतरी दिसलं’ म्हणून घेतात. त्यातली पारख कुठली आणि पक्षपात कुठला, हे कोण ओळखणार? तुमच्याच देशात 1920-30 च्या दशकांत मोठमोठ्या मेडिकल कॉलेजांनी ज्यू मुलांची संख्या दाबून ठेवली होती. गुण तर त्यांना भरपूर होते. मग काय वापरलं? मुलाखत, स्वभाव, व्यक्तिमत्त्व!

भाची : माहितेय मला. ही पद्धत निर्मळ आहे असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. महाराष्ट्रात सीईटी सेलच्या फॉर्मवर तुम्ही पसंतीक्रम भरता. पहिलं कॉलेज अमुक, दुसरं तमुक. आमच्या फॉर्मवर तो रकानाच नाही. मी वीस कॉलेजांना अर्ज केला, पण त्यातलं मला सगळ्यात जास्त कुठलं हवंय हे विचारणारी एक ओळसुद्धा त्या अर्जात नाही. ते पत्र म्हणजे तो नसलेला रकाना.

(इथे मावशी गप्प झाली. ती गप्प झाली की समजावं, पुढचा प्रश्न धारदार येणार.)

मावशी : पण त्यांना ते कळून करायचंय काय? चांगली मुलगी असेल तर घ्यावी, नसेल तर नाही घ्यावी.

भाची : त्यांचा हिशेब बघ. काही खासगी कॉलेजांकडे दहा हजारांवर अर्ज येतात, आणि जागा असतात दोनशेच्या आतबाहेर. 15 ऑक्टोबरपासून कॉलेजांना प्रवेश देऊ करता येतात, आणि ते एकदम यादी लावून नाही, महिन्यामहिन्याने थोडे थोडे. एकाच हुशार मुलाला चार कॉलेजं बोलावतात, तो जाणार एकाच ठिकाणी. म्हणून प्रत्येक कॉलेज जागांपेक्षा जास्त मुलांना होकार देतं. कमी दिले तर बाकं रिकामी. जास्त दिले आणि सगळेच आले, तर आणखी पंचाईत, कारण मान्यता देणारी संस्था मनाला येईल तेवढी मुलं भरू देत नाही. शेवटी 30 एप्रिलला ज्यांच्या हातात दोन-तीन प्रवेश आहेत त्यांनी एकच ठेवून बाकीचे सोडायचे असतात. तेव्हा प्रतीक्षायादी हलायला लागते. त्या वेळी अधिकाऱ्याला फोन उचलून अशा मुलाला बोलवायचं असतं जो ‘हो’ म्हणेल. ‘दोन दिवस विचार करून सांगतो’ म्हणणारा त्याला नको असतो.

मावशी : म्हणजे त्यांना गरज आहे, तुला नाही.

भाची : दोघांनाही आहे. म्हणून तर ते पत्र वाचतात.

मावशी : मग मला एक सांग. याच देशात एम.डी. झालेल्यांना रेसिडेन्सी कशी मिळते? मॅचमधून. 1952 पासून चालू आहे ते. मुलं आपला क्रम लिहितात, हॉस्पिटलं आपला क्रम लिहितात, संगणक दोन्ही जुळवतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी सगळ्यांना एकदम कळतं. त्याच्यामागच्या गणितासाठी शेपली आणि रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात तुझा क्रम हॉस्पिटलला दिसत नाही, उलट तो विचारायलाच त्यांना बंदी आहे. खरी पसंती लिहिणाऱ्याचं त्यात कधी नुकसान होत नाही. एवढं शहाणपण ज्या देशाला आहे, तो मेडिकलच्या पहिल्या वर्षाला मुलांकडून आणाभाका का लिहून घेतो?

(हा मुद्दा तिने इतका अचूक मांडला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मुलगीही हसली.)

भाची : टेक्सासमध्ये तसंच काहीसं आहे. तिथल्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळा असतो, तिथली मुलं क्रम भरतात आणि जुळणी होते. बाकीच्या देशात नाही, आणि त्याला एक खरं कारण आहे. रेसिडेंटला पगार मिळतो. तो कुठेही साधारण सारखाच. त्यामुळे क्रम लावताना पैशाचा विचार फारसा करावा लागत नाही. आम्हाला पैसे भरायचे असतात. इथे कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्याच्या डोक्यावर शेवटी साधारण दोन लाख डॉलर असतात. कुठलं कॉलेज किती शिष्यवृत्ती देणार, हे प्रवेश मिळाल्यावर कळतं, बरेचदा एप्रिलमध्ये. मग फेब्रुवारीत मी क्रम काय म्हणून भरू? ज्या कॉलेजला मी पहिलं लिहिलं त्याने काहीच सूट दिली नाही, आणि दुसरं अर्धी फी माफ करायला तयार होतं, तर? जुळणीत अडकले की सुटका नाही.

मावशी : बरं. मग तेच तुझ्या पत्रालाही लागू आहे. ‘तुम्ही घेतलंत तर येईनच’ असं लिहून देतेस, आणि फी किती ते माहीत नाही?

(आता माझी मुलगी गप्प झाली. माझ्या मते संपूर्ण वादात हीच जागा कळीची होती. हे पत्र कुणाला कायद्याने बांधत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते लिहिणाऱ्याने त्याची किंमत स्वतः ठरवायची असते. घरात बसून आधी आकडे मांडावेत. कर्जासकट, शिष्यवृत्ती शून्य धरून, या कॉलेजला जायची तयारी आहे का? उत्तर ‘हो’ असेल तरच तो शब्द लिहावा. आम्ही त्या रात्री आकडे मांडले. आनंददायक नव्हते, पण उत्तर ‘हो’ आलं.)

मावशी : आणि ज्यांना हे शब्द बांधत नाहीत त्यांचं काय?

भाची : आहेत तसे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने तीन कॉलेजांना ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ असं लिहिलं.

मावशी : आणि तिघांनी घेतलं तर?

भाची : दोघांना फोनवर सांगायचं, ‘परिस्थिती बदलली.’

मावशी : म्हणजे ज्याच्या नावापुढे उद्या ‘डॉक्टर’ लागणार, त्याने पहिलं खोटं लेटरहेडवर लिहून द्यायचं. हे मला सगळ्यात खटकतं. तुमची पद्धत म्हणते, आम्ही नुसते गुण बघत नाही, माणूस बघतो. आणि पाठीमागून खोटं बोलायला निमंत्रण देते. फळ्यावरच्या यादीत मुलाला खोटं बोलायला जागा तरी नव्हती.

भाची : जागा असली म्हणून बोललंच पाहिजे असं नाही ना. मी एकालाच लिहिणार आहे.

मावशी : तू लिहिशील गं. पण तू आणि तो मुलगा, वाचणाऱ्याला दोघांतला फरक कसा कळणार?

भाची : नाही कळणार. म्हणूनच बहुतेक अधिकारी त्या एका वाक्याला थोडंच वजन देतात. सीमेवरच्या मुलाला ते कदाचित थोडं पुढे ढकलतं. नकार आलेल्याला ते आत नेत नाही.

मावशी : आता आणखी एक. ही पत्रं लिहायची असतात हे तुला कुणी सांगितलं?

भाची : कॉलेजमधल्या प्री-मेड सल्लागारांनी. आणि आईच्या मैत्रिणीच्या मुलीने.

मावशी : हेच म्हणतेय मी. जिची आई हॉटेलात भांडी घासते, जिच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिलीच, तिला हे कोण सांगणार? तिला वाटणार, मुलाखत झाली, आता वाट बघायची. सभ्यपणे वाट बघेल बिचारी. आणि सभ्यपणाचीच तिला शिक्षा.

भाची : या मुद्द्यावर मी तुझ्या बाजूला आहे. म्हणूनच काही कॉलेजांनी पत्रं घेणं बंद केलंय. ती आधीच सांगतात, मुलाखतीनंतर काहीही पाठवू नका, आम्ही फाइलला लावणार नाही. माझ्या दोन प्रतीक्षायाद्यांपैकी एक तसंच कॉलेज आहे. दुसऱ्याने पोर्टलवर जागाच करून दिलीय, ‘नवीन माहिती इथे टाका’. सगळ्यांना दिसेल अशी.

मावशी : मग पहिल्या ठिकाणी काही पाठवणार नाहीस ना?

भाची : अजिबात नाही.

मावशी : ते कॉलेज मला जास्त आवडलं.

भाची : तुला कॉलेज नको, फळाच हवाय, मावशी.

(यानंतर वादाचा सूर बदलला. मावशीने चष्मा लावला आणि पत्राचा कागद पुढे ओढला. तत्त्व पटलं नाही तरी वाईट मजकूर तिला बघवत नाही.)

मावशी : ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेबद्दलची माझी अढळ ओढ पुन्हा एकदा व्यक्त करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.’ हे काय आहे?

भाची : सगळे असंच सुरू करतात.

मावशी : मी आयुष्यभर बायोप्सीचे रिपोर्ट लिहिले. ‘हा नमुना पाहून मला अतिशय आनंद झाला’ असं एकदाही लिहिलं नाही. वर पेशंटचं नाव आणि नंबर, खाली काय दिसलं ते, शेवटी मत. तुझा अर्जाचा नंबर कुठे आहे यात?

भाची : शेवटी आहे.

मावशी : वर घे. शेकडो कागद हाताळणारी बाई आहे तिथे, तिला आधी फाइल सापडू दे. आता सांग, मुलाखतीनंतर तुझ्या आयुष्यात नवीन काय घडलं?

भाची : मी अजूनही त्या मोफत दवाखान्यात जाते.

मावशी : ते त्यांना माहीत आहे. नवीन काय?

भाची : डायबेटिसच्या पेशंटना डोळ्यांच्या तपासणीला पाठवतात, पण बरेच जण पोहोचतच नाहीत. नोव्हेंबरपासून त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आहे. आधी वाटलं, विसरत असतील. बोलायला लागल्यावर कळलं, डोळ्यांचा दवाखाना दुसऱ्या दिवशी असतो आणि तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. रोजंदारी बुडते. मी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. आता महिन्यातून एकदा डोळ्यांचा कॅमेरा आमच्याच दवाखान्यात येतो, त्याच दिवशी.

मावशी : हे पत्रात कुठे आहे?

भाची : तिसऱ्या परिच्छेदात... ‘सामाजिक आरोग्याविषयीची माझी बांधिलकी अधिक दृढ झाली.’

मावशी : अगं, बांधिलकी कसली दृढ झाली! दोन बस आणि बुडालेली रोजंदारी लिही. बांधिलकी त्यांची ते समजून घेतील.

(पुढचा अर्धा तास मी चहा करत होते आणि आतून खोडाखोडीचे आवाज येत होते. दीड पानाचं पत्र पाऊण पानावर आलं. ‘उत्कट’, ‘अनमोल’, ‘स्वप्नवत’ गेले. मावशीने कॉलेजची स्तुती तर अख्खी काढली. ‘त्यांचं कॉलेज चांगलं आहे हे त्यांना तुझ्याआधीपासून माहीत आहे.’ त्या जागी एकच गोष्ट राहिली. त्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना वस्तीतल्या दवाखान्यात पाठवतात, आणि माझ्या मुलीला हेच काम पुढे न्यायचं आहे. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी याबद्दल एक प्रश्न विचारला होता, तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर आता पत्रात आहे. माझ्या मते पत्राचा खरा उपयोग हाच. आणाभाकांना अधिकारी कंटाळतात, अपुऱ्या राहिलेल्या उत्तराला नाही.)

मावशी : आता ते शेवटचं वाक्य. लिहायचंच असेल तर साधं लिही. ‘आपण प्रवेश दिलात तर मी तो स्वीकारीन.’ एवढंच. त्यात ‘निःसंशय’ आणि ‘मनापासून’ नको. जास्त शपथा घेणाऱ्यावर माणूस कमी विश्वास ठेवतो.

भाची : म्हणजे तुला हे वाक्य आता पटलं?

मावशी : नाही. तुमच्या फॉर्मवर रकाना असता तर मला जास्त पटलं असतं. नाहीये, म्हणून लिही. आणि आत्ता, फेब्रुवारीत पाठवून टाक.

भाची : आत्ता नाही. नवीन काम झालंय ते आत्ता कळवते, ती नुसती माहिती आहे. ‘प्रवेश दिलात तर स्वीकारीन’ हे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. आत्ता त्यांच्या मुलाखतीच चालू आहेत, आज लिहिलेलं तोपर्यंत ढिगाखाली जाईल.

मावशी : नुसतं ‘येईन’ म्हणायलाही मुहूर्त बघायचा! धन्य आहे.

दोघींचं यापुढे जमलं नाही, आणि जमण्याची गरजही नव्हती. आपल्याकडे यंदाही वीस लाखांवर मुलं नीटला बसतील आणि एमबीबीएसच्या जागा असतील एक लाखाच्या वर. तिथे पत्रं वाचत बसणं कुणालाच शक्य नाही, म्हणून मावशीची यादी तिच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत 2023 साली सुमारे 52,500 जणांनी अर्ज केले आणि जवळजवळ 23,000 जणांना प्रवेश मिळाला. एवढ्या संख्येत कुणी तरी माणूस बसून फाइल वाचतो, आणि माणूस वाचतो आहे तोवर पत्रं येणारच. मला विचाराल तर सगळ्या कॉलेजांनी एकच काहीतरी ठरवावं. पत्रं घ्यायची तर पोर्टलवर सगळ्यांना जागा द्यावी, नको असतील तर तसं पहिल्याच दिवशी सांगावं. आज जे चाललं आहे, म्हणजे काही घेतात, काही घेत नाहीत आणि काही सांगतच नाहीत, त्यात नुकसान होतं ते विचारायला कुणी नसलेल्या मुलांचं.

या देशातल्या मराठी आईवडिलांना मात्र एक विनंती. आपल्यात डॉक्टर पुष्कळ, ओळखी पुष्कळ आणि उत्साहही पुष्कळ. मंडळाच्या गणपतीत कुणी अमुक कॉलेजचे प्राध्यापक भेटले, की त्यांना मुलीचं नाव सांगायचा मोह होतो. तो आवरा. प्रवेश कार्यालयाला पालकांनी फोन करू नये, ओळखीच्या डॉक्टरांकडून निरोप पाठवू नये, पत्र मुलांच्या नावाने स्वतः लिहून देऊ नये. आणि ज्या कॉलेजने ‘काही पाठवू नका’ म्हटलं आहे, तिथे खरोखरच काही पाठवू नका.